सिगारेटच्या पाकिटातली बारा माणसं : एका जुन्या आल्बमच्या कामाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

नॉटिंगहॅमबाहेरच्या कार बूट बाजारात (लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तो) आज पुठ्ठा निखळलेला एक आल्बम घेतला. बाई ४५ पौंड म्हणाली, मी ३० म्हटलं, ३५ वर जमलं. आत ६३ कार्डं. सगळी इंग्लंड-स्कॉटलंडच्या फुटबॉलपटूंची, सगळी सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली, आणि जवळजवळ सगळी कुणा पोराने खळ लावून पानांना घट्ट चिकटवलेली. खळ पिवळी पडली आहे आणि दोन ठिकाणी पोराच्या बोटाचा ठसा आहे.

या भानगडीत नवीन असणाऱ्यांसाठी थोडक्यात: पूर्वीचं सिगारेटचं पाकीट कागदी आणि लिबलिबीत असे. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. तो कोरा कशाला ठेवा, म्हणून त्यावर चित्रं आली आणि मग लोक चित्रासाठी पाकीट घ्यायला लागले. आमच्या नॉटिंगहॅमचे जॉन प्लेअर, ब्रिस्टलचे विल्स, लिव्हरपूलचे ऑग्डन, इप्सविचचे चर्चमन, बेलफास्टचे गॅलहर, सगळ्यांनी फुटबॉलपटू छापले. आकार साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटर. १९४० मध्ये युद्धातल्या कागदटंचाईने हा प्रकार थांबला.

मला सेट पुरे करायचे नाहीत. पन्नासाचा सेट पुरा झाला की डब्यात जातो आणि पुढच्या पन्नासाची खाज सुटते, हे मी पोस्टाच्या तिकिटांत भोगलं आहे. बारा कार्डं निवडायची. वहीच्या डाव्या पानावर कार्ड, उजव्या पानावर तो माणूस, म्हणजे कार्ड छापून झाल्यावर त्याचं पुढे काय झालं ते. मुदत नाताळपर्यंत.

१९ ऑक्टोबर

आज नुसती वर्गवारी. चिकटलेल्या कार्डांची पाठ दिसत नाही आणि ओळख तर सगळी पाठीवर असते, म्हणून पुढचं चित्र बघून अंदाज बांधत बसले. चार तास गेले.

त्यातच पहिली चूक झाली. दोन कार्डं सैल होती, विल्सची, पाठीवर 'असोसिएशन फुटबॉलर्स'. विल्सने हा सेट १९३५ मध्ये काढला हे वाचलं होतं, म्हणून उत्साहाच्या भरात त्याच नावाची आणखी चार कार्डं ११ पौंडांना मागवून टाकली. आज आली. शेजारी ठेवली तर पाठी जुळेनात. माझ्या दोन कार्डांच्या पाठीवर मजकुराभोवती चौकट आहे, आलेल्यांवर नाही. मग यादी नीट वाचली: विल्सने याच नावाने १९३९ मध्ये पुन्हा पन्नासाचा सेट काढला. चौकटवाली १९३५ ची, बिनचौकटीची १९३९ ची. नाव वाचून घेऊ नका, पाठीचा फोटो मागा. विकणाऱ्याची काही चूक नाही, त्याने वर्ष लिहिलंच नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

२६ ऑक्टोबर

आजचा दिवस लिहायला लाज वाटते, पण त्यासाठीच या नोंदी आहेत.

खळ पाण्यात सुटते एवढं माहीत होतं. आल्बमचं एक पान कापलं, पसरट परातीत ठेवलं आणि किटलीतलं गरम पाणी ओतलं. गरम पाण्याने लवकर सुटेल हा हिशेब. पाच मिनिटांत कोपरे उचलले गेले. एक कार्ड मधोमध अडकलं होतं म्हणून वरून अंगठ्याने हलकेच सरकवलं. कार्ड सरकलं नाही, चेहरा सरकला. गालाचा गुलाबी आणि जर्सीचा निळा माझ्या अंगठ्यावर आला आणि खाली भुरकट पुठ्ठा उघडा पडला. कागदावर चुन्यासारखा पातळ थर असतो, छपाई त्या थरावर बसलेली असते. गरम पाण्याने तो थर मऊ पडतो आणि साईसारखा निघतो. शाई पाण्याने फुटत नाही हे खरं, पण शाई ज्यावर उभी आहे तेच वाहून गेलं तर काय उपयोग.

उरलेली वाचवायच्या घाईत हेअर ड्रायर लावला. दोन कार्डांची सुरळी झाली, त्यातल्या एकाला मधून चीर गेली.

नुकसान: तीन कार्डं. ज्याचा चेहरा गेला त्याची पाठ मात्र शाबूत आहे. फारसं नाव नसलेला एक हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, कुणी त्याच्यासाठी रडणार नाही. फेकवलं नाही. बाराव्या पानासाठी याला ठेवते.

३ नोव्हेंबर

दिवाळीसाठी जेवणाचं टेबल रिकामं करावं लागलं, आज परत ताब्यात घेतलं. यापुढे सगळं गार पाण्याने.

जे जमलं ते असं. पान कापायचं, कार्डाभोवती एक बोट कागद ठेवून. नळाच्या गार पाण्यात पालथं घालायचं आणि निघून जायचं. खरोखर निघून जायचं, दुसऱ्या खोलीत. कुठलं कार्ड चाळीस मिनिटांत सुटलं, कुठल्याला अडीच तास लागले. ते आपण होऊन तरंगेपर्यंत हात लावायचा नाही. सुटल्यावर पाठीवरची बुळबुळीत खळ लहान मुलांच्या रंगाच्या मऊ ब्रशने पाण्यातच काढायची. चेहऱ्याच्या बाजूला ब्रश नको.

वाळवताना दुसरा घोळ झाला. टॉवेलावर निथळवली, टीपकागदांमध्ये ठेवली, वर पोळपाट आणि त्यावर तूरडाळीचा डबा. सकाळी बघते तर चार कार्डं टीपकागदाला चिकटलेली. आल्बममधली काही कार्डं मुळात पाठीला डिंक असलेली आहेत. तीसच्या दशकात कंपन्या अशी कार्डं काढायच्या आणि एका पेनीला आल्बम विकायच्या. तो डिंक ओला झाला की पुन्हा चिकटतो. चारही परत भिजवली. आता पाठीच्या बाजूला बेकिंगचा गुळगुळीत कागद आणि चेहऱ्याच्या बाजूला टीपकागद ठेवते, पंधरा मिनिटांनी टीपकागद बदलते आणि मग दोन दिवस वजनाखाली.

पाच कार्डं खऱ्या फोटोची आहेत, चकचकीत. ती भिजवली नाहीत. फोटोचा जिलेटिनचा थर पाण्यात चिकट होतो आणि त्यावर टीपकागदाचे तंतू कायमचे बसतात. ती पानासकट कापून ठेवली. दिसायला वाईट दिसतात, पण आहेत.

५५ सुटी झाली. तीन गेली, पाच पानावर. हिशेब जुळला.

१७ नोव्हेंबर

आल्बममध्ये डिक्सी डीन नव्हता. डीनशिवाय वही म्हणजे सचिनशिवाय क्रिकेटची वही. १९२७-२८ च्या हंगामात एव्हर्टनसाठी लीगच्या ३९ सामन्यांत ६० गोल. हा आकडा इंग्लंडमध्ये अजून कुणी गाठलेला नाही. म्हणून त्याचं कार्ड ऑनलाइन घेतलं, २४ पौंड, 'मूळ, उत्तम स्थितीत'.

पाकीट उघडल्यावर आधी हरखले, मग शंका आली. कोपरे टोचतील इतके टोकदार, आणि पाठ दुधासारखी पांढरी. नव्वद वर्षांचा कागद इतका गोरा कसा? नऊ पौंडांचा अतिनील टॉर्च आणला. अंधाऱ्या बाथरूममध्ये कार्डावर मारला आणि डीनसाहेब निळे चमकले, नव्या कोऱ्या शर्टासारखे. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला लागले ती साधारण १९५० नंतर. त्याआधीचा कागद या उजेडात मंद, पिवळट राहतो. म्हणजे हे पुनर्मुद्रण.

खातरजमा म्हणून आल्बममधलं एक कार्ड धरलं, तर त्यावरही निळे ठिपके! पोटात गोळा आला. भिंगातून पाहिलं तर ते ठिपके नव्हते, बारीक लव होती. धुण्याच्या पावडरीतही तेच रसायन असतं आणि मी कार्डं टॉवेलावर निथळवली होती. ब्रशने झटकली, ठिपके गेले, कार्ड मंदच राहिलं. टॉवेल वापरू नका.

विकणाऱ्याने आढेवेढे न घेता पैसे परत केले. पाठवायचं टपाल, ३ पौंड ४० पेन्स, माझ्या अंगावर.

आज जुन्या वस्तूंच्या मेळ्यात एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे खरा डीन मिळाला. एक कोपरा दुमडलेला, पाठीवर तपकिरी डाग, म्हणून १८ पौंड. मी तिथेच टॉर्च काढला तर आजोबा हसले. "बघ बघ, डक," म्हणाले. इथे सगळे सगळ्यांना डक म्हणतात, मी वीस वर्षांत सरावले आहे. त्यांनी टॉर्चपेक्षा सोपी गोष्ट दाखवली: त्याच सेटचं दुसरं कार्ड वर ठेवून कडा बघायच्या. कोपरे झिजले की लोक कडा छाटून टोकदार करतात, मग कार्ड केसभर लहान भरतं. टॉर्च ते सांगत नाही.

१ डिसेंबर

आता माणसं शोधायची. इथे खरा वेळ जातो.

कार्डावर पूर्ण नाव नसतं. डब्ल्यू. आर. डीन. ए. जॅक्सन. डीनचं सोपं, विल्यम राल्फ. 'डिक्सी' त्याला स्वतःला आवडत नसे. पण फारसं नाव नसलेल्या माणसाचं आद्याक्षर आणि सर्वसाधारण आडनाव एवढंच हातात असेल तर अख्ख्या लँकेशरमध्ये त्याच नावाची शेपन्नास माणसं.

नेहमीचा रस्ता जनगणना. १९२१ ची खुली आहे, २०२२ पासून. त्यात हे लोक पोरसवदा आहेत, कुणी खाणीत, कुणी गिरणीत. कार्डं छापली गेली तेव्हाची, म्हणजे १९३१ ची जनगणना बघावी म्हटलं तर इंग्लंड आणि वेल्सची ती १९४२ च्या डिसेंबरात आगीत जळून गेली. बॉम्बने नाही, साधी आग. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. म्हणजे ज्या वीस वर्षांत माझे बाराच्या बारा गडी खेळले, त्या वीस वर्षांवर भलं मोठं भोक आहे. त्यात एकच ठिगळ: २९ सप्टेंबर १९३९ ची नोंदवही. युद्ध जाहीर झाल्यावर ओळखपत्रांसाठी घरोघर जाऊन केलेली. तीत पत्ता, धंदा आणि जन्मतारीख असते. जन्मतारीख हे सोनं आहे, हे मला महिनाभर उशिरा कळलं.

कारण आज त्या चेहरा गेलेल्या हाफबॅकचं मृत्यूचं प्रमाणपत्र आलं, १२ पौंड ५० पेन्स. नाव तेच, वय जुळतं, गाव शेजारचं, साल १९५४. उघडलं तर धंदा खाटीक आणि आईबापांच्या गावाशी काही संबंध नाही. १९६९ च्या एप्रिलपर्यंत इथल्या मृत्यूनोंदीत जन्मतारीख लिहीतच नसत, नुसतं वय. मी वयावर विश्वासून पैसे भरले. कुणा परक्या खाटकाचं मरण आता माझ्या खणात आहे.

मेळ्यातल्या आजोबांनी बजावलं होतं, आडनावाची स्पेलिंगं सगळी बघ. त्यांनी ली रिचमंड रूसचं उदाहरण दिलं, वेल्सचा अवलिया गोलरक्षक. तेव्हा गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येई आणि हा पठ्ठ्या मध्यरेषेपर्यंत चेंडू आपटत जाई. १९१२ मध्ये नियम बदलून हात फक्त पेनल्टी क्षेत्रात आला, त्यात याचा मोठा वाटा मानतात. १९१६ च्या ऑक्टोबरात सॉमच्या लढाईत मारला गेला. त्याचं नाव सैन्यदप्तरात आडनावातल्या एका ओ च्या जागी यू असं पडलं आणि फ्रान्समधल्या थिएपव्हालच्या युद्धस्मारकावर तसंच कोरलं गेलं. इतका नावाजलेला माणूस एका अक्षराने हरवतो, तर माझा हाफबॅक कोण.

(वंशावळीच्या साइटांची वर्गणी भरू नका. इथल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांतल्या संगणकांवर त्या फुकट बघता येतात. मी दोन महिन्यांची भरली, मग कळलं.)

२२ डिसेंबर

नाताळची मुदत हुकली. पानं झाली चार.

अ‍ॅलेक्स जॅक्सनचं पान आज झालं. हडर्सफील्डचा उजवा विंगर. ३१ मार्च १९२८ ला वेम्बलीवर स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ ने धुतलं तेव्हा पाचातले तीन गोल याचे, दोन अ‍ॅलेक्स जेम्सचे. त्या स्कॉटिश आक्रमणफळीत हा सगळ्यात उंच, आणि उंची ५ फूट ७ इंच! १९३० मध्ये चेल्सीने घेतला, दोन वर्षांत क्लबशी बिनसलं आणि पुन्हा लीगमध्ये खेळला नाही. तेव्हा तो तिशीच्याही आत होता.

यापुढे मी अडकले होते. तो १९४६ मध्ये वारला हे माहीत होतं. युद्ध तर १९४५ मध्ये संपलं, म्हणून राष्ट्रकुलाच्या युद्धकबरींच्या यादीत मी बघितलंच नाही. दोन शनिवार वर्तमानपत्रं चाळण्यात घालवले. मग लक्षात आलं, ती यादी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतच्या सैनिकी मृत्यूंची आहे. शोधलं, पाच मिनिटांत सापडला. सैन्यात मेजर होता, इजिप्तमध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. यादी फुकट आहे. पहिल्यांदा तीच बघा, सैन्याचा संबंध असो नसो.

११ जानेवारी २०२५

एडी हॅपगुड. हे पान लिहायला मजा आली आणि शेवटी आली नाही.

जन्म ब्रिस्टलचा, म्हणजे विल्सच्याच गावचा. दुधाच्या गाडीवर काम करायचा. १९२७ मध्ये केटरिंगकडून आर्सेनलने घेतला तेव्हा किडकिडीत होता आणि, आपल्याकडच्या वाचकांना हे आवडेल, शाकाहारी होता. डोक्याला चेंडू लागला की भोवळ यायची म्हणे. क्लबने मांस खायला लावलं. पुढे आर्सेनलचा आणि इंग्लंडचा कप्तान. १९३४ च्या नोव्हेंबरात आर्सेनलच्या हायबरी मैदानावर इटलीशी सामना झाला, त्या इंग्लंड संघात आर्सेनलचे सात जण होते. याचं नाक मोडलं, बाहेर जाऊन मलमपट्टी करून परत खेळला. १४ मे १९३८ ला बर्लिनमध्ये इंग्लंडच्या खेळाडूंना नाझी सलामी द्यायला लावली गेली तेव्हाही कप्तान हाच. सामना ६-३ ने जिंकले, पण फोटो राहिला तो सलामीचा.

कार्डावर या सगळ्यातलं जेमतेम अर्धं येतं आणि ते साहजिक आहे. कार्ड छापलं तेव्हा तो ऐन भरात होता. युद्धानंतर व्यवस्थापकाच्या नोकऱ्या टिकल्या नाहीत. हाताशी पैसे नव्हते तेव्हा आर्सेनलला पत्र लिहून मदत मागितली, क्लबने ३० पौंड पाठवले.

यावर नवरा म्हणाला, तेव्हा ३० पौंड काही कमी नव्हते. मी हिशेब मांडला. तेव्हा खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती. १९२२ पासून हंगामात आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६. म्हणजे ३० पौंड हा त्याच्या खेळायच्या दिवसांतला महिन्याभराचा पगार. नवरा गप्प बसला आणि चहा टाकला.

कार्डावर चमकणारा चेहरा श्रीमंत असणार असं आपण आजच्या सवयीने धरून चालतो. १९२८ मध्ये आर्सेनलने डेव्हिड जॅकसाठी बोल्टनला १०,८९० पौंड मोजले. ते क्लबने क्लबला दिले. जॅकचा पगार त्याच मर्यादेत राहिला. हे लोक श्रीमंत होते का हे मला पाच जणांनी विचारलं आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

२ फेब्रुवारी

मध्येच एक गाढवपणा. सुटी केलेली कार्डं ठेवायला स्वस्त प्लास्टिकची खिसेवाली पानं घेतली होती, ६ पौंडांना दहा. आज फाइल उघडली तर नव्या रेनकोटसारखा भपकारा आला आणि कार्डं खिशाला किंचित चिकटून निघाली. पीव्हीसी. त्यातलं मऊ ठेवणारं तेल हळूहळू झिरपतं आणि छपाई धरतं. सगळी काढली, पॉलिप्रोपिलीनची पानं आणली, १४ पौंड. तीन महिन्यांत चिकटायला लागलं, तीन वर्षांत काय झालं असतं.

आजवरचा खर्च: आल्बम ३५, चुकीची चार कार्डं ११, डीन १८, परतीचं टपाल ३.४०, टॉर्च ९, टीपकागद आणि ब्रश ८, प्लास्टिक दोनदा मिळून २०, प्रमाणपत्र १२.५०, नको असलेली वर्गणी ३०. एकूण १४६.९० पौंड. यातले साधारण ६३ नुसते धडे शिकण्यात गेले.

१५ फेब्रुवारी

ह्यूई गॅलॅकर. हे पान तीनदा लिहून फाडलं.

उंची ५ फूट ५ इंच, न्यूकासलचा सेंटर फॉरवर्ड, १९२६-२७ मध्ये संघाला लीग जिंकून देणारा कप्तान. १९३० मध्ये १०,००० पौंडांना चेल्सीला विकला. स्कॉटलंडसाठी अवघे वीस सामने आणि गोल सामन्यांहून जास्त. माझ्याकडच्या कार्डावर तो जरासा हसतोय, केस मधून चापून बसवलेले, कॉलरची एक बाजू दुमडलेली. चित्रकाराने ती दुमड तशीच ठेवली आहे. बारा कार्डांत हे मला सगळ्यात आवडतं.

आणि १९५७ च्या जूनमध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, गेट्सहेडजवळ तो रेल्वेखाली गेला. दुसऱ्या दिवशी एका घरगुती प्रकरणात कोर्टापुढे उभं राहायचं होतं.

पहिल्या मसुद्यात मी सगळं लिहिलं, वर्तमानपत्रांत होतं तितकं. वाचताना ते पंचनाम्यासारखं वाटलं. दुसऱ्यात शेवट गाळला, तर तो खोटेपणा झाला. तिसऱ्यात नुसता गोलांचा तक्ता झाला. शेवटी आठ ओळींत खेळ, दोन ओळींत शेवट, घरच्या माणसांबद्दल अवाक्षर नाही. सार्वजनिक दप्तरात आहे म्हणून सगळं वहीत आणलंच पाहिजे असं नाही. खेळाडू मरून गेला, पण नातवंडं असतात.

त्याच्या शेजारी जॅक्सनचं पान येऊ दिलं. वेम्बलीवरही दोघं एकाच फळीत होते आणि चेल्सीतही.

१ मार्च

डीनचं पान आजच पुरं करायचं असं ठरवलं होतं. आजच्याच दिवशी, १ मार्च १९८० ला, तो गुडिसन पार्कवर एव्हर्टन आणि लिव्हरपूलचा सामना बघायला गेला आणि तिथेच हृदयविकाराने गेला. ज्या मैदानावर ५ मे १९२८ ला हंगामाच्या शेवटच्या सामन्यात आर्सेनलविरुद्ध तीन गोल करून साठ पुरे केले, तेच मैदान. मृत्यूआधी, १९७६ मध्ये, एक पाय कापावा लागला होता. आणि एकोणीस वर्षांचा असताना, १९२६ मध्ये, मोटारसायकलच्या अपघातात कवटी आणि जबडा फुटला होता. पुन्हा खेळेल असं डॉक्टरांना वाटलं नव्हतं, डोक्याने गोल मारणं तर दूरच.

त्याच्या दुमडलेल्या कोपऱ्याला इस्त्री करावी असा मोह झाला. नाही केली. २६ ऑक्टोबरची नोंद उघडून वाचली आणि कार्ड खिशात सरकवलं.

इंग्लंडचा नावाजलेला विंगर मॅथ्यूज, त्याचं पान एका बैठकीत झालं, त्याच्याबद्दल सगळं सगळीकडे आहे. एकच गोष्ट मुद्दाम घातली: स्टॅन्ली मॅथ्यूज सिगारेट ओढत नसे. कार्डं तर सोडाच, तरी पन्नासच्या दशकात क्रेव्हन ए सिगारेटच्या जाहिरातीतही झळकला. आणि पन्नाशी उलटून पाच दिवस झाले होते तेव्हा पहिल्या डिव्हिजनचा शेवटचा सामना खेळला.

२२ मार्च

अकरा पानं तयार. बारावं हाफबॅकचं.

या वेळी उलट्या बाजूने गेले. आधी १९३९ ची नोंदवही. कार्डाच्या पाठीवर जन्मगाव आणि क्लब होता, त्या गावापासून सुरुवात करून आद्याक्षरं जुळणारे सगळे कागदावर उतरवले, सतरा निघाले. धंद्याच्या रकान्यात 'व्यावसायिक फुटबॉलपटू' लिहिलेला एकच. त्याची जन्मतारीख घेतली. मग मृत्यूंची सूची, पण १९६९ च्या पुढची, कारण तिथून सूचीतच जन्मतारीख असते. तारीख जुळणारा एकच. अख्खं काम दोन संध्याकाळींचं. डिसेंबरात याच क्रमाने केलं असतं तर खाटकाचे साडेबारा पौंड वाचले असते.

त्याचे साडेबारा पौंड मात्र भरले. आज लिफाफा आला. १९७३, रुग्णालयात, हृदयविकार. जन्मतारीख तीच, जन्मगाव कार्डावरचंच. धंदा: शाळेचा रखवालदार, निवृत्त. फुटबॉलचा शब्द कुठे नाही.

डाव्या पानावर कार्ड पालथं बसवलं, पाठ वर. चेहऱ्याची बाजू तशीही माझ्या अंगठ्याला लागून गेली आहे. पाठीवर छापलंय की हा टॅकल करण्यात तरबेज आहे आणि अजून वयाने लहान आहे.